आयबीएम आणि तिची भारतातली उपकंपनी

आयबीएम म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, न्यूयॉर्क राज्यातल्या आर्मंक गावी मुख्यालय असलेली अमेरिकन कम्प्युटर कंपनी, आणि आयबीएम इंडिया प्रायव्हेट लिमिटेड ही तिची भारतातली उपकंपनी, मुख्यालय बेंगळुरू. ही नोंद मुख्यतः दुसरीबद्दल आहे. अमेरिकेतली कंपनी इथे कुठल्या रूपात आली, १९७८ मध्ये का गेली, परत आली ती कशी, एवढंच बघायचंय, मूळ कंपनीचा इतिहास कामापुरता घेतलाय.

आधी शब्दाचं बघू. कागदोपत्री मराठीत सबसिडियरीला कुठे दुय्यम कंपनी, कुठे साहाय्यक कंपनी असं लिहिलेलं दिसतं, बोलताना सगळे उपकंपनीच म्हणतात, म्हणून इथेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यात व्याख्या सोपी आहे: दुसरी कंपनी जिचं संचालक मंडळ ठरवते किंवा जिच्या मतदान हक्कांपैकी निम्म्याहून जास्त हक्क दुसरीकडे आहेत ती उपकंपनी. शाखा वेगळी. शाखा म्हणजे तीच परदेशी कंपनी इथे दुकान मांडून बसलेली, तिला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व नाही, उपकंपनी मात्र भारतात नोंदलेली भारतीय कंपनी असते, तिच्यावर दावा वेगळा, तिचा ताळेबंद वेगळा, ती बुडाली तर मालकाचं नुकसान भागभांडवलापुरतं. पूर्ण मालकी असली तरी प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन सभासद लागतात, त्यामुळे भागधारकांच्या यादीत बहुतेक वेळा एका नावापुढे जवळपास सगळे शेअर आणि दुसऱ्या नावापुढे एक-दोन शेअर असा मजेशीर प्रकार दिसतो. आपल्या नागपुरात आयटी पार्क आणि मिहान प्रकल्पामुळे हे शब्द आता घराघरात पोचलेत, पण तिथली मोठी नावं, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, पर्सिस्टंट, ही उलट्या दिशेची आहेत, म्हणजे मूळ कंपनी भारतात आणि उपकंपन्या अमेरिकेत. आयबीएमचं प्रकरण सुलट दिशेचं आणि बरंच जुनं. शाखा की उपकंपनी हा फरक वरून कारकुनी वाटतो, पण सत्तरच्या दशकातलं सगळं भांडण त्याच्यावरच झालं.

मूळ कंपनी १९११ मध्ये काही छोट्या कंपन्या एकत्र करून कम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी या लांबलचक नावाने उभी राहिली. त्यातली एक हर्मन हॉलरिथची, ज्याच्या पंच कार्ड मशीनवर अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची मोजणी झाली होती. १९१४ मध्ये थॉमस वॉटसन कारभार बघायला आले आणि १९२४ मध्ये नाव बदलून आयबीएम झालं. पंच कार्ड नव्या पोरांनी बघितलंच नसेल. फिक्या रंगाचा पातळ पण ताठ पुठ्ठा, पोस्टकार्डापेक्षा थोडा लांब, ८० उभे रकाने, बारा ओळी, त्यातल्या ० ते ९ या दहा ओळींचे आकडे बारीक छापलेले आणि वरच्या दोन कोऱ्या, भोकं चौकोनी उभट. एक कोपरा तिरका कापलेला असतो, गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं लागलं तर लगेच डोळ्याला दिसावं म्हणून. आमच्या घरी असं एक कार्ड कितीतरी वर्षं पंचांगात खुणेला होतं, त्याच्या मागे पेन्सिलने किराण्याचा हिशोब.

आता वादाचा मुद्दा, आयबीएम भारतात नेमकी कधी आली. कुठे १९५१ लिहिलेलं असतं कुठे १९५२, पहिलं कार्यालय धरायचं की प्रत्यक्ष धंदा सुरू झाला ते धरायचं यावर हा फरक पडत असावा. पंडित नेहरूंनी बोलावलं म्हणून आली असंही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. बोलावलं असेलही, पण वर्ष समजून घ्यायचं तर त्याच्या आधीचा एक करार बघावा लागतो आणि त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. हॉलरिथच्या मशीनचे हक्क १९०८ च्या सुमारास ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीला, म्हणजे बीटीएमला, दिलेले होते आणि ते कॅनडा सोडून सगळ्या ब्रिटिश साम्राज्यापुरते होते, बदल्यात बीटीएम आपल्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा रॉयल्टी म्हणून अमेरिकेला पाठवायची. म्हणजे इंग्रज होते तोवर हॉलरिथ पद्धतीचं मशीन भारतात यायचं तर ते बीटीएमच्या दारातून, आयबीएमला इथे थेट विकायची सोयच नव्हती! हा करार १९४९ मध्ये मोडला, आणि त्याच वर्षी आयबीएमने परदेशातला सगळा धंदा बघायला आयबीएम वर्ल्ड ट्रेड कॉर्पोरेशन ही वेगळी उपकंपनी काढली, तिची सूत्रं वॉटसन यांचे धाकटे चिरंजीव आर्थर यांच्याकडे. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ती भारतात. त्यामुळे स्वातंत्र्य, आमंत्रण वगैरे कारणं ठीकच, पण दार उघडलं ते १९४९ च्या काडीमोडाने असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. गंमत म्हणजे भारतातला पहिला डिजिटल कम्प्युटर आयबीएमचा नव्हता, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिसांनी १९५५-५६ मध्ये बसवलेला एचईसी-टू-एम हा बीटीएमचाच होता.

भारतात जे काही सुरू झालं ते रूपाने शाखाच होतं. वर्ल्ड ट्रेड कॉर्पोरेशन अमेरिकेत नोंदलेली, तीच इथे धंदा करायची, भारतीय भागधारक एकही नाही. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे मशीन आलं आणि तिथे फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला देशभरातून लोक गेले. व्यापारी बाजूला १४०१ हे मशीन, पहिलं १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीत लागलं, नंतर रेल्वे, सरकारी खाती, मोठे कारखाने असं पसरत गेलं. मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची, म्हणजे ही नोंद पूर्ण टाइप केली तर जेमतेम मावेल, आणि तेवढ्यात अख्ख्या खात्याचे पगार निघायचे.

१४०१ मशीनं बहुतेक नवी नव्हती. बाहेरच्या देशांत वापरून परत आलेली मशीनं मुंबईत खोलायची, साफ करायची, सुटे भाग बदलायचे आणि इथल्या गिऱ्हाइकाला महिन्याच्या भाड्याने द्यायची, अशी पद्धत. साधारण किराया-भांड्याच्या दुकानासारखं समजा, भांडी मालकाचीच राहणार. टीकाकारांचं म्हणणं, बाहेर ज्याची किंमत वसूल होऊन गेली त्याचं भाडं गरीब देश डॉलरच्या हिशोबाने भरतोय आणि आपण एक पिढी मागे राहतोय, कारण आयबीएमचीच नवी सिस्टिम ३६० तर १९६४ मध्येच जाहीर झाली होती. कंपनीच्या बाजूने सांगायचं तर नवं मशीन परवडणारं गिऱ्हाईक इथे मोजकंच होतं, आणि शेकडो प्रोग्रामर नि मेंटेनन्स इंजिनिअर याच मशीनांवर तयार झाले. दोन्ही खरं आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात संसदेच्या लोकलेखा समितीने सरकारी खात्यांमधल्या कम्प्युटरांची झाडाझडती घेतली तेव्हा या भाडेपद्धतीवर बरेच ताशेरे आले. तोवर १९७० मध्ये केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स खातं उभं राहिलं होतं.

मग फेरा. फेरा म्हणजे विदेशी चलन नियमन कायदा, १९७३ चा, अमलात आला १ जानेवारी १९७४ पासून. त्याच्या २९ व्या कलमाने परदेशी कंपन्यांच्या शाखांना आणि ४० टक्क्यांहून जास्त परदेशी भांडवल असलेल्या भारतीय कंपन्यांना धंदा चालू ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागू केली. व्यवहारात अर्थ असा की शाखा गुंडाळा, भारतीय कंपनी काढा, ४० टक्क्यांवर या. उच्च तंत्रज्ञान किंवा मोठी निर्यात असेल तर ७४ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकायची आणि सगळा माल निर्यात होत असेल तर त्याच्याही वर. आता जुनी मशीनं दुरुस्त करून भाड्याने देणं याला उच्च तंत्रज्ञान म्हणायचं का? आयबीएमने तोड सुचवली ती अशी की दोन तुकडे करू, डेटा सेंटर आणि सेवेच्या कामाची कंपनी ४० टक्क्यांची करतो, कारखाना आणि निर्यात १०० टक्के आमच्याकडे राहू द्या. सरकारने मान्य केलं नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये कंपनीने जाण्याचं जाहीर केलं आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला.

लोकांच्या तोंडी मात्र एकच गोष्ट आहे: जॉर्ज फर्नांडिसांनी कोकाकोला आणि आयबीएमला हाकललं. चहाच्या टपरीवर सांगायला बरी आहे, आणि जॉर्ज उद्योगमंत्री होते, भूमिका कडक होती हेही खरं, पण ते मंत्री झाले १९७७ मध्ये, फेरा त्याच्या चार वर्षं आधीचा, इंदिरा गांधींच्या काळातला, आणि आयबीएमशी घासाघीस इलेक्ट्रॉनिक्स खात्यात आधीपासून चालू होती. दुसरा पक्ष म्हणतो की आयबीएमला कोणी काढलंच नाही, ती आपल्या धोरणापायी गेली. तिचं गणित असं की मशीनचं डिझाइन एका देशात, सुटे भाग दुसऱ्यात, जुळणी तिसऱ्यात, त्यामुळे मधल्या एका देशात बाहेरचा भागीदार घेतला की सगळी साखळी अडते, आणि भारताला ४० टक्के दिले की उद्या बाकीचे देशही तेच मागणार. जपाननेही असाच हट्ट धरला होता, पण तिथे आयबीएमने आपली पेटंट जपानी कंपन्यांना वापरायला दिली आणि १९६० मध्ये पूर्ण मालकी राखून उत्पादनाची परवानगी मिळवली. भारताकडे पेटंट वापरून मोठ्या प्रमाणावर कम्प्युटर बनवतील अशा जपानसारख्या कंपन्या नव्हत्या, त्यामुळे ती देवाणघेवाण इथे जमण्यासारखीच नव्हती. एकंदरीत दुसरा पक्ष जास्त पटतो.

४० टक्के अशक्य होते असंही नाही. त्या जुन्या बीटीएमचे वारस, म्हणजे विलीनीकरणं होत होत तयार झालेली इंग्लंडची आयसीएल, हिने फेरा मान्य केला, पुण्याच्या आयसीआयएम या कम्प्युटर कंपनीतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणला आणि राहिली. ही आयसीआयएमच पुढे झेन्सार झाली. ज्यांच्यामुळे आयबीएमला चाळीस वर्षं भारताबाहेर थांबावं लागलं तेच शेवटी इथे टिकले.

आयबीएम गेल्यावर तिची मशीनं बंद पडली नाहीत. देखभालीसाठी सरकारने कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, सीएमसी, आधीच उभी केली होती, तिने सगळं ताब्यात घेतलं. आयबीएमच्याच काही माणसांनी मिळून इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट काढली. भारतीय सॉफ्टवेअर धंदा या जाण्यामुळे वाढला असं छातीठोक सांगणारे बरेच आहेत, त्यांनी टीसीएस १९६८ ची आणि एचसीएल १९७६ ची हे लक्षात घ्यावं. मोकळी जागा मिळाली एवढं म्हणता येईल.

१९९१ च्या नव्या धोरणानंतर १९९२ मध्ये आयबीएम परत आली, तीही टाटांसोबत निम्म्या-निम्म्या भागीदारीत, टाटा इन्फर्मेशन सिस्टिम्स या नावाने. निम्मी भागीदारी म्हणजे १९७७ मध्ये जे जमणार नव्हतं त्याच्या जवळपासचंच झालं, फक्त थोड्या दिवसांसाठी. दशक संपता संपता टाटा बाहेर पडले आणि कंपनी पूर्ण आयबीएमची झाली. २००० मध्ये फेराच्या जागी फेमा हा परकी चलनाचा नवा, सौम्य कायदा आला. २००४ मध्ये गुडगावची दक्ष ही बीपीओ, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणारी, कंपनी घेतली, त्याच वर्षी एअरटेलचं सगळं आयटी चालवायचं दहा वर्षांचं कंत्राट मिळालं आणि २००६ मध्ये बेंगळुरूत कंपनीच्या प्रमुखांनी तीन वर्षांत ६ अब्ज डॉलर भारतात घालू असं सांगितलं. नंतरच्या काळात भारतातली माणसं अमेरिकेतल्यांपेक्षा जास्त झाली असं वृत्तपत्रांतून येत राहिलं, कंपनी देशवार आकडे देत नाही. २०२० पासून मूळ कंपनीचे प्रमुख अरविंद कृष्ण, तेही आयआयटी कानपूरचे.

उपकंपनीचा हिशोब कसा चालतो तेही सांगायला हवं. भारतातली उपकंपनी बहुतेक काम मूळ कंपनीसाठीच करते, मग बिल किती लावायचं? समजा खर्च १०० रुपये आला, त्यावर काही टक्के लावून ११५ चं बिल पाठवलं, तर भारतात कर फक्त १५ रुपयांवर. हे १५ बरोबर की २५ पाहिजे होते यावर खटले चालतात, यालाच ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात, नियम २००१ च्या वित्त कायद्याने आले. कसोटी एकच, हेच काम परक्या कंपनीसाठी केलं असतं तर किती घेतलं असतं. आपल्या नागपूरच्या छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे, देशभरातले आयकर खात्याचे नवे अधिकारी तिथे प्रशिक्षणाला येतात, आणि पुढे मुंबई-बेंगळुरूला जाऊन याच फायली उघडतात.

कर्मचाऱ्याच्या बाजूने फरक जाणवतो तो जुलै महिन्यात, आयकराचं विवरण भरताना. पगार भारतीय उपकंपनीचा, पगार नि कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म १६, तिचा, पण शेअर मिळतात ते आर्मंकच्या कंपनीचे, कारण उपकंपनीचे शेअर बाजारात नाहीतच. मग असे शेअर हातात असलेल्या माणसाला विवरणाचा साधा फॉर्म आयटीआर-१ चालत नाही, मोठा फॉर्म घेऊन त्यातल्या शेड्यूल एफएमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून ते दाखवावे लागतात, आणि तिथे आर्थिक वर्ष नाही, जानेवारी ते डिसेंबर धरायचं, इथेच भले भले चुकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयबीएमने पायाभूत सेवांचा विभाग किंड्रिल नावाने वेगळा काढला, दर पाच शेअरमागे किंड्रिलचा एक आला, न मागता, आणि त्या वर्षी ज्यांच्या खात्यात तो पडला त्यांच्या शेड्यूलमध्ये एक ओळ वाढली.