लाकडी पात्यांचा वारसा: जर्मन युद्धविमानांच्या प्रोपेलरची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांची लाकडी पाती ही ॲल्युमिनियमच्या टंचाईतून केलेली तडजोड होती, असे सर्रास मानले जाते. टंचाई होती, परंतु तेवढ्या एका कारणाने या पात्यांचा उलगडा होत नाही, आणि संग्राहकांना त्यांचे जे मोल वाटते त्याचाही होत नाही.

पहिल्या महायुद्धात संपूर्ण प्रोपेलर अक्रोड, महोगनी, ॲश अशा लाकडांचे थर सरसाने जोडून एकसंध कोरला जाई. त्याच्या मध्यभागी इंजिनाची अश्वशक्ती आणि सेंटिमीटरमधील व्यास ठसवलेला असे. बर्लिनमधल्या एका नामांकित कारखान्याने तर आपल्या प्रोपेलरांना आपल्याकडच्या गरुडाचेच नाव दिले होते. युद्ध संपल्यावर सैनिकांनी असे प्रोपेलर आठवण म्हणून घरी नेले आणि मधल्या भोकात घड्याळ बसवून ते भिंतीवर लावले. या संग्रहाची परंपरा तेथपासूनची आहे.

पुढे धातूची पाती आली. पण उड्डाणात कोन बदलता येणाऱ्या प्रोपेलरसाठी सुटे पाते लागू लागले, तेव्हा लाकूड नव्या रूपात परतले. बर्लिनच्या श्वार्झ कारखान्याच्या पद्धतीत मुळाशी दाबून घट्ट केलेले कठीण लाकूड, तर टोकाकडे हलके लाकूड वापरत. मुळाला आटे पाडून त्यावर पोलादी नळी बसवत आणि वरून धातूच्या जाळीसह प्लॅस्टिकचे आवरण चढवत. हे तंत्र इतके उपयुक्त होते की इंग्लंडमधील वेब्रिजच्या एका कंपनीनेही ते स्वीकारले. जड न होता पाते रुंद करता येणे, हा लाकडाचा मोठा फायदा होता. युंकर्स ८७ बॉम्बफेकी विमानाच्या ‘डी’ मालिकेची आणि फोके-वुल्फ १९० डी-९ या लढाऊ विमानाची रुंद पाती त्यामुळेच लाकडी आहेत. डी-९च्या प्रोपेलरचा व्यास सुमारे ३.५ मीटर होता.

विमान पोटावर उतरले की धातूचे पाते वाकते, लाकडी पाते मात्र ढलप्या उडवत तुटते. म्हणून अवशेषांत बहुधा मुळाकडचा हातभर तुकडाच सापडतो. तो हातात घेऊन तुटलेली बाजू पाहावी: दाट तपकिरी थर, मध्येच उचकटलेल्या जाळीच्या तारा, आवरणाच्या कडेला हिरवट काळ्या रंगाची पट्टी. पात्याची सारी घडण एका दृष्टिक्षेपात वाचता येते. हा तुकडा घासून त्यावर चकचकीत वॉर्निश चढवणे म्हणजे त्याचा इतिहास पुसणे होय. दुर्दैवाने अनेक चांगले नमुने असेच वाया गेले आहेत. तळ्याच्या चिखलातून निघालेले पाते तर उन्हात वाळवूच नये, कारण पाण्याने फुगलेले लाकूड आकसते, चिरते आणि आवरण सुटून पडते. ते ओले ठेवूनच जाणकाराकडे न्यावे लागते.

ब्रिटनमध्ये १९८६च्या कायद्यानुसार लष्करी विमानांचे अवशेष, मग ते जर्मन का असेनात, संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय उकरता येत नाहीत. जेथे मानवी अवशेष किंवा न फुटलेले बॉम्ब असण्याची शक्यता असते, तेथे तो परवाना सहसा दिला जात नाही, कारण अशा कित्येक विमानांसोबत त्यांचे वैमानिकही अद्याप मातीतच आहेत.