केनेडींचा अर्धा डॉलर: सगळ्यांनी जपलेल्या नाण्याचा भाव कसा ठरतो

अमेरिकेत राहून आलेल्या एखाद्या काका-मामांमुळे आपल्याकडच्या बऱ्याच घरांत केनेडींचा अर्धा डॉलर कुठल्याशा डबीत सापडतो. लगेच प्रश्न येतो: इतकं जुनं नाणं, याचे किती येतील? नाणं जुनं म्हणजे महाग, हा हिशेब इथे चालत नाही. तो का चालत नाही, हे कळायला नाण्याच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाली. त्यांच्या स्मरणार्थ नाणं काढायचं ठरलं तेव्हा पाव डॉलरवरून वॉशिंग्टन यांना हटवणं त्यांच्या पत्नी जॅकलिन केनेडींना पटेना, म्हणून अर्धा डॉलर निवडला गेला. त्यावर बेंजामिन फ्रँकलिन होते, तेही १९४८ पासूनच. पंचवीस वर्षं झाल्याशिवाय नाण्याचा नक्षा बदलायचा नाही असा नियम असल्याने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, खास कायदा करावा लागला आणि तो ३० डिसेंबरला मंजूरही झाला. गिलरॉय रॉबर्ट्स यांनी चेहरा घडवला, फ्रँक गॅस्पारो यांनी मागची बाजू. टाकसाळीच्या पदकासाठी केलेलं केनेडींचं चित्र हाताशी होतं, म्हणूनच इतक्या घाईत काम उरकलं.

२४ मार्च १९६४ रोजी नाणं लोकांच्या हाती आलं. वॉशिंग्टनमध्ये रांगा लागल्या. माणशी मर्यादा घालूनही साठा दिवसभरात संपला. घेणाऱ्यांनी ते खर्च केलं नाही, आठवण म्हणून ठेवून दिलं. टाकसाळीने १९६४ सालाची चाळीस कोटींहून जास्त नाणी पाडली, तरी बाजारात ती फिरताना दिसेनात. या नाण्याच्या किमतीची सगळी गोष्ट इथून सुरू होते. जे सगळ्यांनीच जपलं, ते दुर्मीळ होणार कसं?

मग १९६४ च्या नाण्याला भाव मिळतो तो कशाचा? चांदीचा. साडेबारा ग्रॅमच्या त्या नाण्यात ९० टक्के, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम चांदी आहे. त्या काळी चांदी महागत चालली होती आणि नाण्यातला धातू दर्शनी किमतीला गाठू लागला होता. म्हणून २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतून चांदी पूर्ण गेली, अर्ध्या डॉलरमध्ये ४० टक्के राहिली. चांदीची नाणी साठवून फायदा होणार नाही, असं जॉन्सन यांनी त्याच वेळी बजावलं होतं. लोकांनी ते ऐकलं नाही आणि पुढच्या काळाने लोकांनाच खरं ठरवलं. ४० टक्केवालीही घराघरांत जाऊन बसली. १९७० सालची नाणी तर फक्त संग्राहकांच्या संचांतून विकली गेली. डेन्व्हरच्या टाकसाळीत पाडलेली, डी अक्षराची ही नाणी जेमतेम साडेएकवीस लाख आहेत. अखेर १९७१ पासून चलनातल्या नाण्यांतून चांदी गेली आणि तांबे-निकेल आलं.

हा फरक घरीसुद्धा ओळखता येतो. नाणं आडवं धरून कड पाहा. १९६४ ची कड सगळीकडे सारखी पांढरी असते. १९७१ पासूनच्या चलनी नाण्यांच्या कडेत तांब्याची तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. मधल्या वर्षांच्या कडेवर थोडी मळकट छटा असते, आणि त्या नाण्यात चांदी भरते ४.६ ग्रॅम. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास पोचली, तेव्हा चांदीची असंख्य नाणी वितळवली गेली. त्यांत हीही होती.

धातूपलीकडची किंमत दोन गोष्टींवर ठरते: छपाईतला वेगळेपणा आणि नाण्याची अवस्था. १९६४ च्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या, नाण्यांपैकी सुरुवातीच्या काहींवर केसांच्या रेषा जास्त ठळक आहेत. जॅकलिन यांना त्या आवडल्या नाहीत म्हणून साचा बदलला, असं सांगितलं जातं. कानाच्या वरच्या केसांत खोल रेषा दिसतात, आणि ‘लिबर्टी’ शब्दातल्या आय अक्षराच्या पायाचं डावं टोक तुटलेलं असतं. एकूण साडेएकोणचाळीस लाख प्रूफ नाण्यांत अशी शंभरात एक ते तीन असावीत, असा अंदाज आहे. संग्राहक भिंग घेऊन शोधतात ती हीच.

अवस्थेला पैसा मिळू लागला तो मुख्यतः १९८६-८७ नंतर, पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणी तपासून सत्तरपैकी गुण देऊ लागल्या तेव्हापासून. टाकसाळीतून पोत्यांत भरून निघालेली नाणी एकमेकांवर आपटतात आणि केनेडींच्या गालावर, मानेवर चरे पडतात. त्यामुळे कोट्यवधी पाडलेल्या सालाचंही निष्कलंक नाणं मुश्किलीने मिळतं. ६५ आणि ६८ गुणांच्या दोन नाण्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्याकडे चकाकी यावी म्हणून नाणं चिंच किंवा टूथपेस्ट लावून घासतात. ते कृपा करून करू नये. घासलेल्या नाण्याला संग्राहक चांदीचाच भाव देतो, जास्त नाही.

कमी संख्येनेही फसगत होते. २००२ ते २०२० या काळात हे नाणं चलनासाठी पाडलंच नाही, संग्राहकांना थोडं जास्त दाम घेऊन विकलं. आकडे कमी होते, पण घेणाऱ्या प्रत्येकाने ते जपूनच ठेवलं, त्यामुळे बहुतेकांचा भाव फारसा चढला नाही. याउलट १९९८ चं सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचं मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या पृष्ठभागाचं चांदीचं नाणं फक्त केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांच्या स्मारक डॉलरसोबतच्या संचात मिळायचं. ते सुमारे ६२ हजारच निघालं. मालिका पुरी करायची तर ते प्रत्येकाला लागतं, म्हणून त्याला आजही मागणी आहे.