पेटीवरच्या रेघा

आमच्या वावरातली विहीर चार घरांत सामाईक. यवतमाळकडे रब्बीच्या हरभऱ्याला पाणी द्यायचं ते लाइन येईल तेव्हा, बहुतेक रात्री. मोटर एकच. पाणी घेणाऱ्यानं स्टार्टरच्या झाकणावर खडूची रेघ ओढायची, ओलित झालं की पुसायची. शेवटची रेघ पुसणारा मोटर बंद करतो.

पायथन ही संगणकाची भाषा. तिच्यातला प्रोग्रॅम चालवणारा नेहमीचा इंटरप्रिटर, सीपायथन, असाच हिशोब ठेवतो. प्रत्येक वस्तूच्या माथ्यावर एक आकडा असतो. तिला नाव दिलं, यादीत टाकलं की एकनं वाढतो, सोडलं की घटतो. शून्य झाला की मेमरीतली जागा तिथल्या तिथे मोकळी.

एकदा काकाजी म्हणाले, “पुसाले इसरलोच ना बाप्पा!” मोटर पहाटेपर्यंत चालली. हा मेमरी लीक. उलट, एक रेघ जास्त पुसली गेली तर कुणाचं तरी पाणी अर्ध्यात तुटतं. प्रोग्रॅम कोसळतो तो असाच. दोन याद्या एकमेकींना धरून बसल्या तर आकडा शून्यावर येतच नाही. त्यासाठी २००० साली पायथन २.० मध्ये वेगळा सफाईवाला आला.

पण अवघड दुखणं निराळंच. पायथनला जोडायची काही मॉड्यूल्स सी या दुसऱ्या भाषेत लिहितात. ती एकदा कंपाइल झाली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरली, की ‘वस्तूत इतक्या बाइटांवर जा, तिथल्या आकड्यात एक मिळव’ ही कृती त्या फाइलीत गोठते. काकाजी अंधारात बॅटरी न लावता डाव्या कोपऱ्यात रेघ ओढतात, तसं. कोपऱ्यात उद्या दुसरं काही आलं तरी हात तिथंच जाणार. म्हणून स्टार्टर बदलला तेव्हा आम्ही जुनं झाकण भिंतीवर त्याच जागी ठोकलं. पायथननं २०११ मध्ये, ३.२ आवृत्तीत, असंच झाकण ठोकलं: स्थिर एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलींशी जोडणीचा न बदलणारा करार. त्यात बसणारी फाइल पुढच्या ३.x आवृत्त्यांवर पुन्हा कंपाइल न करता चालावी.

२०२३ च्या ३.१२ मध्ये ‘नन’ (None, काहीच नाही), ‘ट्रू’ (True, खरं) यांसारख्या वस्तू अमर झाल्या. त्यांचा आकडा हलवायचाच नाही असं ठरलं. जुन्या फाइलींना हे कोण सांगणार? त्या वाढवत-घटवत राहणारच. मग घटवत राहिल्या तरी शून्य गाठू नये म्हणून ६४-बिट यंत्रांवर आकडाच ४२९४९६७२९५ ठेवला. तो ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा, अगदी काठावर होता, वर सरकायला जागा नव्हती. ३.१४ मध्ये तो ३२२१२२५४७२ वर आणला. आता जुन्या हातांना दोन्ही बाजूंनी साधारण १०७ कोटी चुका माफ आहेत. काकाजींना एवढ्या लागणार नाहीत.