७-३८-५५ : आकडे खरे, अर्थ भलताच

“संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५.” संज्ञापनाच्या एम.ए.च्या वर्गापासून सेल्स ट्रेनिंगपर्यंत ही स्लाइड ठरलेली. असं असतं तर आवाज बंद करूनही निम्म्याहून जास्त बातम्या कळल्या असत्या!

आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन प्रयोगांतून आले. एकात ‘मेबी’ हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवला, सोबत आवड, नावड किंवा कोरा भाव दाखवणाऱ्या चेहऱ्याचे फोटो. दुसऱ्यात ‘थँक्स’, ‘टेरिबल’ असे सुटे शब्द. दोन्हींचे निकाल जोडून सूत्र बनलं. ते फक्त आवडनिवड व्यक्त करण्यापुरतं आहे, हे मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. आणि ५५ टक्के निव्वळ चेहऱ्याचे. हातवारे मोजलेच नव्हते.