तापमान-पर्यनुकूलन (सस्तन प्राण्यांतील)

उष्ण किंवा थंड हवेत काही दिवस ते काही आठवडे राहिल्यावर सस्तन प्राण्याच्या शरीरक्रियेत जे बदल होतात आणि हवा पालटल्यावर जे ओसरतातही, त्यांना तापमान-पर्यनुकूलन म्हणतात. आनुवंशिक अनुकूलन याहून वेगळे. खिलार बैलाचा पांढुरका रंग जातीचा असतो, त्याच बैलाची उन्हाळ्यात झडलेली लव मात्र ऋतूची.

माणसाला उष्णतेची सवय होण्यास साधारण ७ ते १४ दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तद्रव वाढतो, श्रमाच्या वेळी हृदयाचे ठोके पूर्वीइतके चढत नाहीत. मग घाम लवकर व भरपूर सुटतो आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे त्यातील मीठ कमी होते.

म्हशीला घामाचा आधार तोकडा पडतो. तिची काळी कातडी ऊन शोषते, केस विरळ असतात आणि घर्मग्रंथी गाईपेक्षा पुष्कळ कमी असतात. चिकोडी, रायबाग, अथणी भागात कृष्णाकाठी भर दुपारी नाकपुड्या आणि शिंगे तेवढी वर ठेवून म्हशी पाण्यात बसतात, त्याचे कारण हेच. बाहेर आल्यावरही अंगावरचा चिखल वाळेपर्यंत गारवा देतो. काटेकोरपणे पाहता हे वर्तन झाले, पर्यनुकूलन नव्हे. शरीराच्या आतला बदल संथ असतो: कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) चारा आंबताना बरीच उष्णता निर्माण होते, म्हणून सततच्या उन्हाळ्यात भूक मंदावते आणि थायरॉईड संप्रेरकांचे प्रमाण उतरते. चैत्र-वैशाखात दूध आटते ते बऱ्याच अंशी यामुळे, जरी गोठ्यात त्याचे खापर अनेकदा दृष्टीवर फुटत असले तरी. मीठ-मोहऱ्या ओवाळण्यापेक्षा सावली, अंगावर पाणी आणि पहाटे व रात्री टाकलेली वैरण अधिक उपयोगी पडते.

थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि स्नायू थरथरतात. उंदरासारख्या लहान प्राण्यांत काही आठवड्यांनी थरथर कमी होऊन तपकिरी मेद तिची जागा घेतो. त्याच्या पेशींतील तंतुकणिका (ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म घटक) इंधन जाळून थेट उष्णता देतात. नवजात कोकरालाही हा मेद जन्मतः असतो, पण तो पहिल्या काही आठवड्यांतच ओसरतो. ओल्या कोकराला धनगर पुसून घोंगडीत गुंडाळतो, तेव्हा हा तुटपुंजा साठा वाचतो. मोठ्या मेंढीची भिस्त लोकरीवर असते. कातरणीनंतर हे आवरण एका दिवसात जाते, पुन्हा वाढायला काही महिने लागतात, आणि तोवर गारठा पडला की मेंढी जास्त चरते.