सामाजिक सुधारणांचा विपर्यास

समाजातले एखादे दुःख किंवा अन्याय दूर करण्यासाठी सद्हेतूने आणलेला कायदा, योजना वा संस्था काही काळाने मूळ उद्देशापासून दुरावते आणि पुष्कळदा ज्या दुखण्यावर उपाय म्हणून आली तेच दुखणे वाढवू लागते, त्या प्रक्रियेचा विचार या नोंदीत केला आहे. नुसत्या अपयशाहून ही गोष्ट वेगळी आहे. फसलेली सुधारणा बंद पडते. विपर्यास झालेली सुधारणा चालू राहते. तिचे नाव, इमारती, अंदाजपत्रक आणि कर्मचारीवर्ग शाबूत असतो, किंबहुना वाढत असतो. विरोधकांनी मोडून काढलेली सुधारणाही यात येत नाही. विपर्यास होतो तो राबवणाऱ्यांच्याच हातून, आणि बहुतेक वेळा त्यांच्या नेकीबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नसते.

अकराव्या शतकातल्या चीनमधील एका कर्जयोजनेत या प्रक्रियेचे जवळजवळ सगळे टप्पे पाहायला मिळतात. सुंग काळात शेतकऱ्याचे खरे हाल सुगीच्या आधी होत. घरातले धान्य संपलेले, शेतातले पीक अजून हिरवे. अशा वेळी सावकार मागेल त्या व्याजाने पैसे उचलावे लागत. वांग आनशी (१०२१–१०८६) हे तरुणपणी यिन परगण्याचे अधिकारी होते. तेथे त्यांनी सरकारी कोठारातले धान्य हलक्या व्याजाने उसने दिले आणि सुगीनंतर परत घेतले. परगणा लहान, नड कोणाची खरी हे डोळ्यांसमोर दिसणारे. प्रयोग यशस्वी झाला. १०६९ मध्ये सम्राट शेनझोंग यांच्या पाठिंब्याने तीच कल्पना ‘हिरव्या रोपांचे कर्ज’ या नावाने साम्राज्यात लागू झाली. व्याज दर हंगामाला शेकडा २०, म्हणजे सावकारी दरांच्या मानाने सौम्य. कर्ज घेणे ऐच्छिक होते.

मात्र किती कर्ज वाटले यावरून अधिकाऱ्याची कर्तबगारी ठरू लागली आणि व्याजाची चटक तिजोरीलाही लागली. नडलेला शेतकरी परतफेड करीलच याचा भरवसा नसतो. म्हणून अधिकाऱ्यांनी भरवशाच्या घरांवर, म्हणजे कर्जाची गरजच नसलेल्या सधन कुटुंबांवर कर्ज लादले, आणि वर त्यांनाच गरिबांचे जामीनही केले. जुनेजाणते मुत्सद्दी हान ची यांनी १०७० मध्ये सम्राटाला निवेदन पाठवून दाखवून दिले की, शहरातल्या रहिवाशांनाही हे कर्ज घ्यायला लावले जात आहे. शहरात हिरवी रोपे कुठून आली, असा प्रश्न तेव्हा खुद्द सम्राटाला पडला. तरीही योजना त्यानंतर आणखी पंधराहून अधिक वर्षे चालली. अखेर १०८६ मध्ये सीमा ग्वांग यांच्या सरकारने ती रद्द केली. या काळात कोणी लाच खाल्ली की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. एकही अधिकारी लाचखाऊ नसता तरी बहुधा हेच घडले असते.

मोजमापाचा फास. वरच्या उदाहरणात योजनेचे वळण बदलले ते आकड्याने. शेतकऱ्याची नड भागली का, हे राजधानीतून मोजता येत नव्हते. वाटलेली रक्कम मोजता येत होती. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी त्याच दशकात सामाजिक योजनांच्या संदर्भात हाच मुद्दा नियमासारखा मांडला : एखाद्या मोजमापावर बक्षीस किंवा शिक्षा ठरू लागली की ते मोजमाप विश्वसनीय राहत नाही. उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून शाळेची प्रत ठरवली की शिक्षक कच्च्या मुलांना परीक्षेपासून दूर ठेवू लागतात. प्रामाणिक चळवळीही यातून सुटत नाहीत. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीला १९५१ मध्ये पोचमपल्ली येथे पहिले दान मिळाले आणि पुढे ५ कोटी एकरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. दानपत्रांची संख्या वाढत गेली, पण मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक किंवा वादातली निघाली, आणि भूमिहीनांच्या ताब्यात गेलेली जमीन दान झालेल्या जमिनीच्या मानाने खूपच कमी भरली. दान करून नामानिराळे होणाऱ्यांची सोय मात्र चांगली झाली.

साधन हेच साध्य. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या सामाजिक कृतींच्या अनपेक्षित परिणामांची मीमांसा केली आणि पुढे नोकरशाहीवरील लेखनात ध्येयांतराची कल्पना विशद केली. एखादा नियम मूळ उद्देशासाठी पाळला जातो, मग सवयीने, आणि शेवटी तो पाळणे हेच कर्तव्य होऊन बसते.

फिलाडेल्फियाच्या तुरुंगात हे विशेष कठोरपणे दिसून आले. फटके, भर चौकातली विटंबना आणि एकाच कोठडीत कोंबलेले बायका-पुरुष-मुले या अठराव्या शतकातल्या प्रकारांना कंटाळून तेथील सुधारकांनी १७८७ मध्ये एक संस्था काढली. वैद्य बेंजामिन रश हे तिच्या संस्थापकांपैकी. माणूस एकांतात राहिला तर अंतर्मुख होऊन सुधारेल, ही त्यांची श्रद्धा. त्यातून १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट हा तुरुंग उघडला. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, वरून उजेड देणारा झरोका, मागे लहानसे अंगण, शौचालय आणि उष्णतेची सोय. त्या काळात श्रीमंतांच्या घरीही न आढळणारी. बाहेर नेताना डोक्यावर टोपडे घालत, म्हणजे तो कोणाला पाहणार नाही आणि कोणी त्याला ओळखणार नाही. नावाऐवजी क्रमांक असे. हा क्रमांकसुद्धा दयेपोटीच होता : सुटल्यावर बदनामी मागे लागू नये.

एकांताने माणूस सुधारतो हे गृहीत धरल्यावर एकांत मोडणे हाच सर्वांत मोठा गुन्हा ठरला. बोलणाऱ्याला गप्प करण्यासाठी तोंडात लोखंडी पट्टी अडकवून ती मागे बांधलेल्या हातांना साखळीने जोडत. १८३३ मध्ये, म्हणजे तुरुंग उघडून चारच वर्षे झाली असताना, एक कैदी या शिक्षेत मरण पावला आणि राज्याच्या विधिमंडळाला चौकशी करावी लागली. १८४२ मध्ये तुरुंग पाहून गेलेल्या चार्ल्स डिकन्स यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. एकांतवासाने कैद्यांना वेड लागते, याची नोंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० मध्ये एका निकालात केली. फिलाडेल्फियाची पद्धत अधिकृतपणे १९१३ मध्ये संपली, पण गर्दीमुळे तिचा गाभा त्याआधीच गेला होता. एकट्यासाठी बांधलेल्या कोठडीत दोघे-तिघे राहत होते. अंतर्मुख करण्यासाठी शोधलेला एकांत आज जगभरच्या तुरुंगांत शिक्षेतली शिक्षा म्हणून वापरला जातो.

विस्तार. लहान असताना चाललेली गोष्ट मोठी झाली की चालेनाशी होते, हे कारण वरवर साधे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक उदाहरणांच्या मुळाशी तेच असते. इंग्लंडमधील यॉर्क येथे चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी घरासारखे आश्रयस्थान सुरू केले. साखळदंड नाहीत, बागेत फिरणे, हाताला काम, माणसासारखे बोलणे. रुग्ण सुमारे तीस. अमेरिकेत या विचाराचे पुरस्कर्ते, मनोरुग्णालयाचे वैद्य टॉमस कर्कब्राइड यांनी एका रुग्णालयात २५० हून अधिक रुग्ण नसावेत असा दंडक घातला होता. १८६६ मध्ये त्यांच्याच व्यवसायबंधूंच्या संघटनेने ही मर्यादा ६०० वर नेली. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या पिलग्रिम रुग्णालयात १३ हजारांहून अधिक रुग्ण होते. इमारती तशाच भव्य, उपचार मात्र कोंडून ठेवण्यापुरते उरलेले.

पुढची सुधारणा या कोंडवाड्यांविरुद्ध झाली. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी वस्तीपातळीवरच्या मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा मंजूर केला. रुग्णालये रिकामी करणे पैसे वाचवणारे होते, केंद्रे उभारणे खर्चाचे. पहिले झाले, दुसरे ठरल्याप्रमाणे झालेच नाही. बरेच रुग्ण रस्त्यावर आले आणि तेथून तुरुंगात गेले.

हितसंबंध. सुधारणेतून पदे, पगार आणि प्रतिष्ठा निर्माण होते. ती ज्यांना मिळते त्यांना सुधारणेचे काम कधी संपू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. रॉबर्ट मिखेल्स यांनी १९११ मध्ये जर्मनीतील समाजवादी पक्षाचा अभ्यास करून दाखवले की, लोकशाहीसाठी लढणारी संघटनाही मूठभर पदाधिकाऱ्यांच्या हाती जाते आणि पुढे संघटना टिकवणे हेच तिचे उद्दिष्ट बनते. (मिखेल्स स्वतः पुढे मुसोलिनीच्या पक्षात गेले. त्यांच्या सिद्धान्ताची किंमत त्यामुळे कमी होत नाही, पण त्यातली निराशा कुठे नेऊ शकते ते कळते.)

शत्रूंनाही सुधारणेत वाटा मिळतो. अमेरिकेतील दारूबंदीमागे (१९२०–१९३३) नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेल्या स्त्रियांची मोठी चळवळ होती. बंदीमुळे चोरट्या व्यापाऱ्यांना मक्तेदारी मिळाली, औषध म्हणून व्हिस्की लिहून देणाऱ्या डॉक्टरांना उत्पन्न मिळाले, आणि ती उठू नये यात सर्वाधिक रस दारू विकणाऱ्यालाच निर्माण झाला. औद्योगिक मद्यार्क पिण्यासाठी चोरला जातो म्हणून सरकारने त्यात मिथेनॉलचे प्रमाण वाढवायला लावले. त्याने माणसे मेली. कुटुंबे वाचवायला निघालेला कायदा येथे कुंपणाने शेत खाण्यापर्यंत आला होता.

विपर्यासाच्या आरोपाचा गैरवापर. ‘भले करायला जाल तर वाईटच होईल’ हा युक्तिवाद प्रत्येक सुधारणेच्या विरोधकांना फुकट मिळालेले शस्त्र आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९९१ मध्ये या युक्तिवादाची परंपरा फ्रेंच राज्यक्रांतीच्या टीकाकारांपर्यंत नेऊन दाखवली. याचे ठळक उदाहरण इंग्लंडमधील स्पीनहॅमलँडची पद्धत. १७९५ मध्ये बर्कशायर परगण्यातील न्यायाधीशांनी पावाच्या किमतीनुसार मजुरांच्या तुटपुंज्या मजुरीत भर घालायचे ठरवले. या मदतीने मजूर आळशी झाले आणि मालकांनी मजुरी पाडली, असा निष्कर्ष १८३४ च्या शाही आयोगाने काढला आणि गरिबांसाठी कडक शिस्तीची श्रमगृहे आली. १९६३ मध्ये मार्क ब्लाउग यांनी पुराव्यांची फेरतपासणी करून आयोगाचा निष्कर्ष डळमळीत केला : मजुरी आधीच कमी होती, मदत त्यामुळे द्यावी लागली होती. म्हणजे एका सुधारणेच्या विपर्यासाची संशयास्पद कथा दुसऱ्या, अधिक निष्ठुर सुधारणेचे समर्थन ठरली.

प्रतिबंध. श्रमगृहांच्या बाबतीत बाहेरच्या नजरेचा उपयोग झाला. १८४५ मध्ये अँडोव्हर येथील भुकेले रहिवासी खतासाठी फोडायला दिलेल्या हाडांतला मगज खात असल्याचे उघडकीस आले, वर्तमानपत्रांनी ते लावून धरले, संसदेने चौकशी केली आणि १८४७ मध्ये श्रमगृहांवर देखरेख करणारा आयोगच बरखास्त झाला. श्रमगृहे मात्र राहिली.

दुसरा उपाय मुदतीचा. प्रत्येक कायदा १९ वर्षांनी आपोआप संपावा, म्हणजे एका पिढीचे नियम पुढच्या पिढीच्या मानगुटीवर बसणार नाहीत, असे टॉमस जेफर्सन यांनी १७८९ मध्ये जेम्स मॅडिसन यांना लिहिले होते. कोलोरॅडो राज्याने १९७६ मध्ये या विचाराला मर्यादित रूप दिले : ठराविक मुदतीअखेर विधिमंडळाने तपासून पुन्हा मंजुरी दिली नाही तर संबंधित नियामक मंडळ बरखास्त व्हावे. थोड्याच वर्षांत अनेक राज्यांनी असे कायदे केले. तपासणीचे काम अपेक्षेपेक्षा खर्चिक निघाले. सुनावणीला हजर राहत ते बहुधा मंडळाकडून परवाने मिळालेले व्यावसायिक. ज्या ग्राहकांसाठी मंडळ असते ते क्वचितच फिरकत. काही राज्यांनी नंतर ही तरतूद स्थगित केली किंवा रद्दच केली.