परिचालन प्रणाली आणि उपयोजने
संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा ही साधने आपल्या ताब्यात ठेवून ती इतर प्रोग्रॅमना वापरायला देणारा प्रोग्रॅम म्हणजे परिचालन प्रणाली. पत्र, हिशेब, चित्र असे एखादे काम करण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे उपयोजन. बोलताना पहिल्याला ऑपरेटिंग सिस्टिम आणि दुसऱ्याला अ‍ॅप म्हणतात. आपल्या वाट्याच्या मेमरीत आकडेमोड करण्यापलीकडे उपयोजनाला परस्पर फारसे काही करता येत नाही. फाइल उघडायची, अक्षर छापायचे, जाळ्यावर संदेश धाडायचा, तर परिचालन प्रणालीकडे मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. दोहोंचा संबंध मुख्यतः याच दारातून चालतो.

स्वरूप : प्रोसेसरला निदान दोन अवस्था असतात. एकीत सर्व आज्ञा चालतात, दुसरीत साधनांना हात घालणाऱ्या आज्ञा वर्ज्य असतात. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, पहिल्या अवस्थेत चालतो आणि उपयोजने दुसरीत. समजा, एखाद्या उपयोजनाला पडद्यावर ‘नमस्कार’ लिहायचे आहे. इंटेल वा एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर, लिनक्स या परिचालन प्रणालीत, ते ‘आरएएक्स’ या रजिस्टरात, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, १ ठेवते. १ म्हणजे ‘लिहा’. ‘आरडीआय’मध्ये कुठे लिहायचे त्याचा क्रमांक, ‘आरएसआय’मध्ये शब्द मेमरीत जिथे आहे तो पत्ता आणि ‘आरडीएक्स’मध्ये लांबी. यूटीएफ-८ संकेतनात, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याच्या एका पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. न, म, स, हलन्त, क, काना, र ही ७ चिन्हे, म्हणून लांबी २१. मग ‘सिसकॉल’ ही आज्ञा दिली की प्रोसेसर अवस्था बदलतो आणि कर्नलने आधीच नेमून ठेवलेल्या पत्त्यावर उडी घेतो. उडी कुठे घ्यायची हे उपयोजनाच्या हाती नसते. संरक्षणाचे सारे मर्म इथे आहे. कर्नल दिलेला पत्ता त्या उपयोजनाच्याच मेमरीतला आहे ना हे पाहतो, बाइट पुढे सोडतो आणि किती बाइट लिहिले तो आकडा आरएएक्समध्ये परत ठेवतो. काही बिनसले असेल तर तिथे ऋण संख्या येते.

उत्पत्ती : प्रणाली व उपयोजन यांच्यातली ही हद्द प्रथम कोणी आखली याविषयी एकमत नाही. जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ साठी १९५६ च्या सुमारास तयार केलेली प्रणाली पुष्कळदा पहिली परिचालन प्रणाली म्हणून सांगितली जाते. तीत आदान-प्रदानाची (इनपुट-आउटपुटची) सामाईक उपकार्ये, म्हणजे तयार छोटे प्रोग्रॅम, होती आणि कामे एकामागून एक आपोआप चढवली जात. पण उपयोजनाला त्या उपकार्यांना वळसा घालण्यापासून रोखणारे यंत्रात काही नव्हते. ज्यांच्या मते सामाईक सेवा पुरवली की संबंध सुरू झाला, ते या प्रणालीला अग्रमान देतात. हद्द म्हणजे ओलांडता न येणारी रेषा असे मानणाऱ्यांना हे पटत नाही.

दुसरे मत मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी यांच्या अ‍ॅटलस संगणकाच्या बाजूचे आहे. टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या या यंत्राचे उद्‌घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याच्या रचनेचे वर्णन त्याआधीच प्रसिद्ध झाले होते. अ‍ॅटलसमध्ये ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या आज्ञा होत्या. दिसायला त्या साध्या यंत्र-आज्ञांसारख्याच; पण आज्ञेच्या सांकेतिक क्रमांकातील पहिला बिट १ असला की यंत्र ती स्वतः न करता कायमस्वरूपी साठ्यातल्या उपकार्याकडे वळे. हा साठा तारांच्या विणलेल्या जाळीचा होता आणि प्रोग्रॅमला त्यात काही लिहिता येत नसे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ‘पुढची आज्ञा कोणती’ हे सांगणारी रजिस्टरे तीन होती : १२७ क्रमांकाचे सामान्य प्रोग्रॅमसाठी, १२६ क्रमांकाचे एक्स्ट्राकोडसाठी आणि १२५ क्रमांकाचे व्यत्ययांसाठी, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणाऱ्या सूचनांसाठी. कोणते रजिस्टर चालू आहे यावरून अधिकार ठरत. आजच्या दोन अवस्थांचा हा पूर्वज मानायला हरकत नाही. आक्षेप असा घेतला जातो की, बरेच एक्स्ट्राकोड ज्या (साइन) व लघुगणक (लॉग) काढण्यासारख्या निव्वळ गणिती कामांचे होते, म्हणून त्यांना सरसकट सिस्टिम कॉल म्हणता येत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो पुरेसा वाटत नाही. फिती व छपाई यांची कामे सुपरवायझर या नियंत्रक प्रोग्रॅमकडे सोपवणारे एक्स्ट्राकोडही होतेच आणि त्यांचे दार तेच होते.

एमआयटी या अमेरिकी संस्थेतील सीटीएसएस या, एक संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणाऱ्या, प्रणालीचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले, म्हणजे अ‍ॅटलसच्या उद्‌घाटनाच्या वर्षभर आधी. पुढे आयबीएम ७०९० वर तिच्यासाठी ३२,७६८ शब्दांच्या दोन स्वतंत्र मेमरी बसवल्या गेल्या : एक सुपरवायझरची, एक वापरकर्त्यांची. काळाचा निकष कडकपणे लावला तर प्रयत्न समांतर होते एवढेच म्हणता येते. आज्ञेच्या रूपातच मागणी करण्याची कल्पना मात्र अ‍ॅटलसमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० ने ‘सुपरवायझर कॉल’ ही स्वतंत्र आज्ञा दिली आणि रीत रूढ झाली. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या प्रणालीने हे कॉल मोजके व सुटसुटीत ठेवले. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या हस्तपुस्तिकेत त्यांना वेगळा विभाग आहे.

कराराचा टिकाऊपणा : उपयोजने प्रणालीपेक्षा दीर्घायुषी असतात. म्हणून मागणीची रीत, म्हणजे दोहोंतला करार, मोडायची की जपायची, हा प्रश्न प्रत्येक नव्या आवृत्तीला येतो. लिनक्समध्ये कॉलचे क्रमांक स्थिर ठेवतात. नव्या कर्नलमुळे चालते उपयोजन बंद पडले तर दोष कर्नलचा, असा लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्डस यांचा दंडक आहे. विंडोजमध्ये हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. तिथे स्थिरता जपली जाते ती वरच्या थरात, प्रणालीसोबत येणाऱ्या ग्रंथालयांत (लायब्ररी, म्हणजे तयार उपकार्यांचे संच). विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळात करार असूनही तो पुरत नसे. ‘व्यत्यय २१’ या डॉसच्या मागणी-दारामार्फत अक्षर छापणे संथ होते, म्हणून लोटस १-२-३ या हिशेबाच्या तक्त्यासारखी उपयोजने पडद्याच्या मेमरीत थेट लिहीत. परिणामी इतर कंपन्यांच्या संगणकांना केवळ डॉस चालवून भागेना. आयबीएम पीसीच्या यंत्रणेची हुबेहूब नक्कल करावी लागली.

देवनागरी आणि हद्द : वरच्या उदाहरणात कर्नलला फक्त २१ बाइट दिसतात, ‘स्क’ हे जोडाक्षर त्याच्या गावीही नसते. ते कोणी जोडायचे? मराठी संगणनाचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. डॉसवर आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेल्या व पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्राचे, संगणकात बसवायचे कार्ड हे काम करी, म्हणजे प्रणाली व उपयोजन दोघेही अनभिज्ञ आणि लिपी तिसऱ्याच्या हाती. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत हे काम फॉन्टवर पडले. श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक संचाचे संकेतन वेगळे. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तो फॉन्ट तिथे नसला, की मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. असंख्य जुने दिवाळी अंक अशा फाइलींत अडकून आहेत, ही हळहळण्यासारखीच गोष्ट आहे.

विंडोज २००० मध्ये युनिकोड (सर्व लिप्यांचे सामाईक संकेतन) देवनागरी, मंगल फॉन्ट आणि अक्षरजुळणीचे युनिस्क्राइब हे घटक प्रणालीतच आले. तिचा आधार घेणाऱ्या उपयोजनांना मराठीसाठी स्वतंत्र खटपट उरली नाही. जुळणी बारकाईची असते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक एका र-कारावर आहे : पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. दोन्ही युनिकोडमध्ये वेगळ्या चिन्हांनी लिहितात, आणि जुळवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर गुरुजींचा निरोप स्वयंपाक्याकडे जातो. पुढे काटा पुन्हा उपयोजनांकडे फिरला. फायरफॉक्स, क्रोम यांनी हार्फबझ हे जुळणीचे ग्रंथालय सोबत बाळगले. लिबरऑफिसने २०१७ मध्ये सर्व प्रणालींवर तेच वापरायला घेतले, म्हणजे पान सगळीकडे सारखे दिसावे.

बाजार व कायदा : ज्या प्रणालीवर उपयोजने अधिक ती ग्राहक घेतात आणि ग्राहक अधिक तिथे उपयोजने लिहिली जातात. अमेरिकी न्यायालयाने मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात नोव्हेंबर १९९९ मध्ये या चक्राला स्पर्धकांच्या वाटेतला अडथळा म्हटले. मागणीच्या रीतीचे शब्दरूप उचलणे चोरी ठरते का, हा प्रश्न गूगल व ओरॅकल यांच्या वादात आला. ५ एप्रिल २०२१ च्या निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गूगलने केलेला जावा या प्रोग्रॅम-भाषेच्या सुमारे ११,५०० ओळींचा वापर न्याय्य ठरवला.

मोबाइल : युनिक्समध्ये वापरकर्ता-क्रमांक माणसांसाठी होते, एकाच यंत्रावर बसणाऱ्या अनेकांनी एकमेकांच्या फाइली पाहू नयेत म्हणून. अँड्रॉइडमध्ये तोच क्रमांक प्रत्येक उपयोजनाला वेगळा मिळतो. कॅमेरा, संपर्कयादी, ठावठिकाणा यांसाठी आवृत्ती ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, उपयोजन चालू असतानाच फोनधारकाची परवानगी मागावी लागते, आणि दिलेली परवानगी त्याला केव्हाही काढून घेता येते.